यूकास: फॉर्म उत्तम, पण आपल्या बारावीच्या मापाने बेतलेला नाही

ब्रिटनमध्ये पदवीला जायचं म्हटलं की अर्ज थेट विद्यापीठाकडे जात नाही, यूकास (UCAS) या संस्थेमार्फत जातो. चेल्टनहॅममध्ये बसलेली ही धर्मादाय संस्था १९९२ साली दोन जुन्या प्रवेश यंत्रणा एकत्र करून उभी राहिली. त्यातली विद्यापीठांची यंत्रणा १९६१ पासूनची. आपल्या कॅप राउंडचा, म्हणजे केंद्रीय प्रवेशफेरीचा, थोरला भाऊ, असं यूकासचं वर्णन नाशिकमध्ये कुणी केलं तर ते अर्धं बरोबर आहे. उरलेलं अर्धं चूक आहे आणि पोरांचे अर्ज नेमके तिथेच अडकतात.

आमचे गुण आधीच सांगून टाकतो. फॉर्म म्हणून पाचपैकी साडेचार. नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या घरात एकट्याने बसून तो भरणाऱ्याला मिळणारी सेवा म्हणून तीन. मधला दीड गुण संस्थेच्या हलगर्जीपणामुळे गेलेला नाही. हा फॉर्म ब्रिटिश शाळा डोळ्यांपुढे ठेवून रचला आहे. मुलामागे त्याची शाळा उभी आहे हे त्यात गृहीत धरलेलं आहे, आणि आपल्याकडे बारावीच्या मुलामागे शाळा नसते, क्लास असतो.

पैशाच्या बाबतीत तक्रारीला जागा नाही. २०२६ च्या प्रवेशासाठी फी २८.९५ पौंड, म्हणजे साधारण तीन ते साडेतीन हजार रुपये, आणि त्यात पाच निवडी. आदल्या वर्षी ती २८.५० होती. अमेरिकेतल्या पाच विद्यापीठांच्या वेगवेगळ्या फीची बेरीज करून बसलेल्या घरांना हा आकडा छपाईची चूक वाटतो. वैद्यकीय, दंतवैद्यक आणि पशुवैद्यक यांना मात्र पाचपैकी चारच निवडी वापरता येतात, आणि ऑक्सफर्ड व केंब्रिज दोन्हीकडे एकाच वर्षी पदवीला अर्ज करता येत नाही.

कॅपमध्ये पसंतीक्रम म्हणजे सर्वस्व. पहिल्या क्रमांकाचं कॉलेज लागलं की फ्रीझ, म्हणजे तोच प्रवेश पक्का. यूकासमध्ये क्रमच नाही. पाच नावं कशीही लिहा. तुम्ही शेवटचं उत्तर देईपर्यंत एका विद्यापीठाला दुसऱ्याचं नाव दिसत नाही. मेरिट लिस्ट लागत नाही, कट-ऑफ जाहीर होत नाही. प्रत्येक विद्यापीठ आपल्या निकषाने हो किंवा नाही म्हणतं आणि यूकास ते उत्तर पोचवतं. तेव्हा ‘यूकासने नाकारलं’ हे वाक्य ऐकू आलं तर समजावं, बोलणाऱ्याने फॉर्म स्वतः भरलेला नाही.

फॉर्म असा का, हे कळायला तिथली शाळा थोडी ओळखीची हवी. इंग्लंडमधलं मूल साधारण चार वर्षांचं असताना रिसेप्शनच्या वर्गात बसतं आणि पाच पूर्ण झाल्यावर इयर वनला जातं. वयाची रेघ ३१ ऑगस्टला. प्राथमिक शाळा इयर सिक्सपर्यंत. १९८८ च्या कायद्याने आलेला राष्ट्रीय अभ्यासक्रम आणि मधूनमधून चाचण्या, एवढं त्याबद्दल पुरे. त्यातली एक चाचणी नाशिकच्या आजोबांना सांगण्यासारखी आहे: इयर फोरला पाढे, बारा बारेपर्यंत, २५ प्रश्न, प्रत्येकाला सहा सेकंद. तीसपर्यंत पाढे आणि वर पावकी-निमकी पाठ असलेल्या पिढीला बाराचं हसू येईल. सहा सेकंदांचं घड्याळ मात्र आपल्याकडच्या गुरुजींनी कधी लावलं नव्हतं.

खरी वळणं पुढे आहेत. इयर टेन आणि इलेव्हन मिळून जीसीएसई: बहुधा आठ-दहा विषय, श्रेणी ९ ते १, नऊ सर्वांत वरची. आपली दहावी साधारण इथे बसते. मग एकदम छाटणी होते. इयर ट्वेल्व आणि थर्टीन या दोन वर्षांत ए लेव्हलचे बहुतेक जण तीनच विषय घेतात. ज्याने गणित, भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र निवडलं त्याच्या वेळापत्रकातून इंग्रजी कायमची जाते. म्हणूनच विद्यापीठात पहिल्या दिवसापासून एकच विषय शिकवतात आणि पदवी तीन वर्षांत आटोपते. वर्षाला १२० क्रेडिट, एकूण ३६०. आपल्या इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षासारखं सगळ्यांना सगळं शिकवणारं सामायिक वर्ष बहुतेक ठिकाणी नसतंच. स्कॉटलंडची चूल वेगळी: तिथे ए लेव्हलऐवजी हायर्स असतात आणि ऑनर्स पदवी चार वर्षांची. फी मोजताना ते चौथं वर्ष धरायला लोक विसरतात.

आकड्यांची एक गफलत इथेच मिटवून टाकावी. आपली बारावी त्यांच्या इयर थर्टीनच्या जागी येते, इयर ट्वेल्वच्या नाही, कारण त्यांची मोजणी एक वर्ष आधी सुरू होते. विद्यापीठाला ईमेल करताना ‘मी इयर ट्वेल्वमध्ये आहे’ असं लिहिलं की ‘पुढच्या वर्षी अर्ज करा’ असं सभ्य उत्तर येतं आणि आठवडा वाया जातो.

दुसरा फरक गुणांचा. ए लेव्हलची श्रेणी आता बहुतांशी शेवटच्या लेखी परीक्षेवर ठरते. विज्ञानाच्या प्रात्यक्षिकाची नोंद वेगळी होते, पास आहे की नाही एवढीच; श्रेणीत ती मिसळत नाही. आपल्याकडे भौतिकशास्त्राच्या शंभरातले तीस गुण प्रात्यक्षिकाचे, आणि त्यात अठ्ठावीस आले तर घरात ‘दोन का गेले’ अशी चौकशी होते. अनेक ब्रिटिश विद्यापीठं सीबीएसईच्या मुलाकडे मागतात त्यापेक्षा पाच-दहा टक्के जास्त आपल्या राज्य मंडळाच्या मुलाकडे मागतात. त्याचा राग येणं साहजिक आहे, पण ती अट वाद घालून हलत नाही. ती वाचूनच पाच नावं ठरवायची.

आणि ती यूकासच्या पानावर नीट वाचता येत नाही, ही या सेवेबद्दलची आमची पहिली खरी तक्रार. ए लेव्हलच्या श्रेणींना यूकासचे टॅरिफ गुण आहेत: ए-स्टारला ५६, ए-ला ४८, बी-ला ४०. अभ्यासक्रमाच्या पानावर हेच आकडे ठळक दिसतात. आपल्या बारावीला टॅरिफ गुणच नाहीत. ‘माझे ९२ टक्के म्हणजे किती पॉइंट?’ या प्रश्नाला उत्तर नाही, आणि जो कुणी उत्तर देतो तो अंदाजाने देतो. करायचं ते असं: विद्यापीठाच्या स्वतःच्या संकेतस्थळावर भारतासाठीचं पान उघडा, त्यात स्टेट बोर्डची ओळ शोधा आणि टक्के कशाचे मागितलेत ते पाहा. पुष्कळ ठिकाणी एकूण टक्के न धरता सर्वोत्तम चार किंवा पाच शैक्षणिक विषय धरतात, शिवाय एखाद्या विषयाची वेगळी अट असते, जसं संगणकशास्त्राला गणिताची. तुमचे एकूण टक्के गाजले ते मराठी आणि माहिती तंत्रज्ञानाच्या जोरावर असतील तर सर्वोत्तम चारचा हिशोब स्वतः करून बघा, तो कधी वर जातो, कधी खाली.

आता प्रत्यक्ष फॉर्म. इथे यूकासला दाद द्यावीच लागते. प्रत्येक भाग वेगळा जतन होतो, अपुरा भाग दाखवला जातो, आणि शेवटी पैसे भरेपर्यंत कितीही वेळा बदल करता येतो. पाठवल्यावरही स्वागताचा ईमेल आल्यापासून १४ दिवसांत निवड बदलता येते. कॅपच्या रात्री साडेअकराला गोल फिरणाऱ्या चक्राशी तुलना केली तर हे ऐषआरामाचं काम आहे.

पण नावाच्या रकान्यापाशीच आपली पोरं अडखळतात. राज्य मंडळाच्या गुणपत्रिकेवर आधी आडनाव, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं; आईचं नाव वेगळ्या जागी. पासपोर्टवर आडनावाचा रकाना स्वतंत्र आणि बाकी सगळं दुसऱ्या रकान्यात. फॉर्म नेहमी पासपोर्टप्रमाणे भरावा. गुणपत्रिका बघून डावीकडून उजवीकडे उतरवलं की आडनाव पहिल्या नावाच्या जागी बसतं, पुढे तेच ऑफर लेटरवर येतं, तेच व्हिसासाठी विद्यापीठाने द्यायच्या कॅस क्रमांकावर, आणि मग पासपोर्टशी जुळत नाही म्हणून ऑगस्टमध्ये धावपळ होते. फीच्या रकान्यात खाजगी खर्चाचा पर्याय, कोड ०१. आणि अभ्यासक्रमाच्या पानावर ९,५३५ पौंड असा आकडा दिसला तर हुरळून जाऊ नये. ती २०२५-२६ ची तिथल्या मुलांसाठी सरकारने बांधून दिलेली फी आहे. परदेशी विद्यार्थ्याच्या फीला सरकारी कमाल मर्यादा नाही.

शिक्षणाच्या भागात दहावीसुद्धा विषयवार भरायची. ती वगळण्याची सवय महागात पडते, कारण अनेक विद्यापीठं जीसीएसई गणिताच्या अटीसाठी दहावीचं गणित बघतात. बारावीचा निकाल लागायचा असेल तर ‘प्रलंबित’ हा पर्याय निवडायचा आणि विषय लिहायचे, गुण नाही. अंदाजित गुण मुलाने लिहायचेच नसतात. ते शिफारसपत्र देणारे शिक्षक लिहितात, आणि आपला दीड गुण इथेच कापला गेला आहे.

ब्रिटिश शाळेत हे काम दरवर्षीचं. विषयशिक्षक अंदाजित श्रेणी देतात, शाळा यूकासची नोंदणीकृत केंद्र असते, मूल शाळेचा परवलीचा शब्द टाकून फॉर्म तिच्याशी जोडतं आणि शाळाच तो पुढे पाठवते. नाशिकमधल्या बहुतेक ज्युनियर कॉलेजांना हा प्रकार ठाऊकच नाही. त्यात आजकाल इंटिग्रेटेडची पद्धत: प्रवेश एका कॉलेजात, बसायचं सीईटीच्या क्लासमध्ये, कॉलेजात फक्त प्रात्यक्षिकापुरतं. ज्या शिक्षकांनी शिफारस करायची त्यांनी मुलाला पाहिलेलंच नसतं, आणि ज्या क्लासच्या सरांनी पाहिलंय त्यांचं शिफारसपत्र शाळेचं धरलं जात नाही.

यावर उपाय आहे, पण तो बारावी सुरू होताच करावा लागतो. कॉलेज नोंदणीकृत नसेल तर स्वतंत्र अर्जदार म्हणून फॉर्म उघडायचा आणि शिफारस देणाऱ्याचं नाव व ईमेल टाकायचा. यूकास त्यांना दुवा पाठवतं. नातेवाईक आणि कौटुंबिक मित्र चालत नाहीत. ईमेल शक्यतो कॉलेजच्या नावाचा असावा. शिक्षकांना भेटताना अकरावीची वार्षिक गुणपत्रिका आणि बारावीच्या सहामाहीचे गुण कागदावर घेऊन जा, कारण प्रिलिम जानेवारीत होते आणि तोवर मुदत संपत आलेली असते. शिफारसपत्राचे २०२४ च्या प्रवेशापासून तीन भाग आहेत: कॉलेजविषयी माहिती, मुलाच्या अडचणीची काही परिस्थिती असेल तर ती, आणि आणखी काही सांगायचं असल्यास ते. दुसरा आणि तिसरा ऐच्छिक. ‘हा गुणी व होतकरू विद्यार्थी असून त्याच्या उज्ज्वल भवितव्यास शुभेच्छा’ या दाखल्याच्या भाषेचा इथे काहीच उपयोग नाही. रसायनशास्त्रात कुठल्या प्रकरणात किती पडले, हे लिहिलेलं चालतं. अंदाज उदार असला तरी वास्तवाला धरून असावा. ९५ चा अंदाज दिला, विद्यापीठाने त्या भरवशावर ८८ ची अट घातली आणि मे महिन्यात ८१ आले, तर ऑफर हातची जाते.

मुलाचं स्वतःचं निवेदन, ज्याला कॉलेज रोडवर सगळे एसओपी म्हणतात, ते २०२६ च्या प्रवेशापासून बदललं आहे. आधी एकच सलग मजकूर असायचा. आता तीन प्रश्न: हा विषय का, आतापर्यंतच्या अभ्यासाने काय तयारी झाली, आणि वर्गाबाहेर काय केलं व ते कामाचं का. प्रत्येक उत्तर किमान ३५० अक्षरांचं, तिन्ही मिळून कमाल ४,०००, मोकळ्या जागा धरून. हा बदल आपल्या मुलांच्या फायद्याचा आहे. कोरं पान बघून ‘लहानपणापासूनच मला’ने सुरुवात करण्याची वेळ येत नाही. पाचही निवडींना एकच निवेदन जातं, म्हणून दोन निवडी संगणकशास्त्राच्या आणि तीन अर्थशास्त्राच्या असा खिचडी अर्ज दोन्हीकडे पातळ होतो.

तयार नमुना घेऊ नये, हे नीतीचं व्याख्यान नाही, यंत्राची गोष्ट आहे. यूकास प्रत्येक निवेदन जुन्या निवेदनांशी ताडून बघतं आणि साम्य सापडलं की विद्यापीठांना कळवतं. २००७ साली अशाच तपासणीत २३४ मुलांनी एकच प्रसंग लिहिल्याचं निघालं: आठव्या वाढदिवसाला मिळालेल्या रसायनांच्या संचाने पायजम्याला भोक पडलं आणि विज्ञानाची गोडी लागली. एकाच पायजम्याला २३४ मालक!

मुदतींचं घड्याळ ब्रिटनचं चालतं. ऑक्सफर्ड, केंब्रिज, वैद्यकीय वगैरेंसाठी १५ ऑक्टोबर, संध्याकाळी सहा. म्हणजे नाशिकमध्ये रात्रीचे साडेदहा. बाकी बहुतेकांसाठी जानेवारीत, २०२६ च्या प्रवेशाला १४ जानेवारी, तेव्हाही सहाच, पण आपले साडेअकरा, कारण मधल्या काळात त्यांचं घड्याळ तासाने मागे गेलेलं असतं. आदल्या वर्षी ही तारीख २९ जानेवारी होती. जुन्या यूट्यूब व्हिडिओवर विसंबलेल्यांचे पंधरा दिवस असे हवेत जातात. जानेवारीनंतर अर्ज बंद होत नाही, ३० जूनपर्यंत चालतो, फक्त सर्वांचा समान विचार करण्याची हमी उरत नाही. जास्त मागणीच्या अभ्यासक्रमांना ती हमी महत्त्वाची, कमी मागणीच्या ठिकाणी तितकी नाही.

उत्तरं आली की एक ऑफर पक्की आणि एक राखीव ठेवायची, बाकी सोडायच्या. राखीव ऑफरची अट पक्कीपेक्षा खाली हवी. दोन्हीकडे ८५ टक्के मागितलेले असताना एक पक्की आणि एक राखीव ठेवणं म्हणजे एकाच फांदीला दोन दोऱ्या बांधणं. इथे आपल्या मुलांना एक मोठा फायदा आहे, ज्याचा उल्लेख फारसा होत नाही. ए लेव्हलचे निकाल ऑगस्टच्या मध्यावर लागतात, आपला बारावीचा मे महिन्यात. गुणपत्रिका लगेच पाठवली तर तिथल्या मुलांच्या कितीतरी आधी तुमची जागा नक्की होऊ शकते. आणि काहीच जुळलं नाही तरी जुलैच्या सुरुवातीला क्लिअरिंग उघडतं, उरलेल्या जागांची खिडकी, ऑक्टोबरपर्यंत. त्यात आधी विद्यापीठाला फोन करून तोंडी होकार घ्यायचा, मगच यूकासमध्ये ती एक निवड भरायची. आपल्याकडून दुपारी दीडच्या पुढे फोन लावला की तिथली कचेरी उघडलेली असते. क्लिअरिंग म्हणजे गाळ, ही समजूत चुकीची आहे. नावाजलेली विद्यापीठंही तिथे जागा टाकतात.

मग नाशिकच्या कॅनडा कॉर्नरपासून गंगापूर रोडपर्यंत पाट्या लावून बसलेल्या कन्सल्टन्सी हव्यात कशाला? बऱ्याच ठिकाणी सल्ला फुकट असतो, कारण प्रवेश झाला की विद्यापीठ त्यांना दलाली देतं. त्यात बेकायदा काही नाही. फक्त एवढंच की ज्या विद्यापीठाकडून दलाली मिळत नाही त्याचं नाव यादीत सहसा येत नाही. तेव्हा पहिला प्रश्न तोच विचारावा: तुमचा करार कोणाकोणाशी आहे? दुसरा: यूकासचं खातं माझ्या ईमेलवर असेल ना? खात्याचा पासवर्ड दुसऱ्याकडे असेल तर ऑफर आली की नाही हेही तुम्हाला त्यांच्याकडूनच कळणार. एमएससीला जाणाऱ्या इंजिनिअरांना तर बहुतेक ठिकाणी यूकास लागतच नाही, विद्यापीठाच्या पानावर थेट अर्ज होतो. पुणे विद्यापीठाच्या ट्रान्सक्रिप्टला, म्हणजे गुणांच्या अधिकृत उताऱ्याला, मात्र वेळ धरून चालावं.

पालकांसाठी एक गोष्ट ऑफरच्या पुढची. तिथे ७० टक्के म्हणजे फर्स्ट, सगळ्यांत वरचा वर्ग. ६० ते ६९ हा दुसरा वरचा आणि चांगल्या नोकऱ्यांच्या जाहिरातींत तोच मागतात. पहिल्या सत्रात मुलाने ६४ सांगितले तर फोनवर सुतकी आवाज काढू नये.

व्हिसा यूकासच्या कक्षेत येत नाही, आणि संस्था तसं स्पष्ट सांगते. तरी त्याची तयारी फॉर्मसोबतच करावी लागते. नोव्हेंबर २०२५ पासूनचा नियम: राहण्याच्या खर्चासाठी लंडनला महिना १,५२९ पौंड आणि लंडनबाहेर १,१७१, नऊ महिन्यांपर्यंत, अधिक पहिल्या वर्षाची उरलेली फी. रक्कम सलग २८ दिवस खात्यात हवी आणि अर्जाच्या दिवशी बँकेचं विवरण ३१ दिवसांपेक्षा जुनं नको. मधे एक दिवस जरी शिल्लक खाली गेली तरी मोजणी पुन्हा पहिल्यापासून. आरोग्य अधिभार वर्षाला ७७६ पौंड, तोही सगळ्या काळाचा एकदम आगाऊ. पदवीनंतर तिथे थांबून काम करण्याची दोन वर्षांची मुभा १ जानेवारी २०२७ पासूनच्या अर्जांना १८ महिन्यांची होते. आत्ता पदवीला जाणाऱ्याने १८ च धरावेत. क्षयरोगाची तपासणी ब्रिटिश सरकारने मान्य केलेल्या दवाखान्यातच लागते, सिव्हिलमधला एक्स-रे कितीही स्वच्छ असला तरी चालत नाही. आणि पैसे आई-वडिलांच्या खात्यात असतील तर त्यांचं संमतीपत्र व मुलाचा जन्मदाखला जोडावा लागतो. जुना दाखला नुसता मराठीत असेल तर प्रमाणित भाषांतर करून घ्यावं, आणि त्यावर वडिलांचं नाव ‘बाळासाहेब’ आणि बँकेत दुसरंच असेल तर ती दुरुस्ती जूनमध्ये नव्हे, दिवाळीच्या सुट्टीतच हाती घ्यावी.